घरात एकाच्या प्लेटलेट वाढवायच्या, दुसऱ्याच्या आवरायच्या. हे नेमकं प्रकरण काय?

केवडा (फोंडा)

नमस्कार मंडळी. भाच्याला डेंग्यू झालाय. ताप उतरला, पण काल संध्याकाळी रिपोर्ट आला, प्लेटलेट ३८ हजार, आणि घरात हलकल्लोळ. कुणी पपईची पानं वाटतंय, कुणी रक्तपेढीत ओळख काढतंय. त्याच घरात माझे सासरे. त्यांना स्टेंट बसवलेला आहे, रोज जेवणानंतर ॲस्पिरिन ७५, कारण त्यांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटता कामा नयेत. सासूबाई दोघांकडे बघून म्हणाल्या, "नातवाच्या कमी झाल्या म्हणून रडता, आणि ह्यांच्या आहेत त्यांना गोळी घालून निजवता. त्या बऱ्या की वाईट ते एकदा ठरवा."

मी कॉमर्सची, काय उत्तर देणार? मध्यंतरी असंही वाचलं की प्लेटलेट नुसतं रक्त थांबवत नाहीत, शरीरातल्या दाहातही (इन्फ्लमेशन, जखमेवर किंवा जंतूंवर शरीर पेटवतं ती सूज-आग) त्यांचा हात असतो, आणि हृदयविकाराच्या संशोधनात आता कोलेस्टेरॉलच्या जोडीने दाहाबद्दल बोलतात. जाणकारांनी समजेल असं सांगा. आणि मनात एक भीती आहे ती विचारूनच टाकते. उद्या सासऱ्यांनाच डेंग्यू झाला तर ती गोळी चालू ठेवायची की बंद?

फुरसतराव

पपई. किवी. बकरीचं दूध. झाला धागा, लावा कुलूप.

कुळागर (सत्तरी)

फुरसतराव, थट्टा करू नका. आमच्या घरी थोरल्याला डेंग्यू झाला तेव्हा पपईच्या पानांचा रस दिला. कडू जहर, पोर नाक दाबून प्यायचं. दोन दिवसांत आकडा वर. डोळ्यांनी पाहिलंय.

शंकेखोर

तो आकडा पपई न देताही दोन दिवसांत वर आला असता, कुळागरबाब. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि आपल्या आपण चढतात. आपण रस देतो केव्हा, तर आकडा तळाला गेल्यावर. मग तिथून तो जाणार कुठे, वरच ना!

जांभळी_नळी (म्हापसा)

मी लॅबमध्ये आहे, त्यामुळे डेंग्यूच्या दिवसांत मला लोकांचे फोन येतात ते निकालाच्या दिवशी दहावीच्या पोरांनाही येत नसतील. "मॅडम, सकाळी ४१ होत्या, आता ३८ झाल्या, काय करू?" काही करू नका. मशीनमध्ये तेच रक्त दोनदा घातलं तरी एवढा फरक पडतो.

केवडाताई, एक गोष्ट विचारा: स्लाइड बघितली का? सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या टेस्टचं, रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्यात ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. काही लोकांच्या प्लेटलेट नेमक्या ह्या ईडीटीएमुळेच गोळा होतात. मशीन प्लेटलेट आकारावरून ओळखतं, त्यामुळे तो गठ्ठा ते मोजतच नाही आणि आकडा येतो २० हजार. माणूस ठणठणीत. अशा वेळी आम्ही स्लाइड लावतो, तर कडेला गठ्ठेच्या गठ्ठे दिसतात. मग निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं, की आकडा सव्वादोन लाख. एका बाईंना कुठल्याशा इस्पितळात ह्याच कारणासाठी दाखल करून ठेवलेलं मी पाहिलंय. ना ताप, ना अंगावर ठिपका. स्लाइड कुणी बघितलीच नव्हती.

दुसरं म्हणजे प्लेटलेट आकाराने मोठ्या असतील तर मशीन त्यांना तांबड्या पेशीत धरतं. बंगालकडच्या बऱ्याच निरोगी माणसांच्या प्लेटलेट मुळातच मोठ्या आणि संख्येने कमी असतात. त्याला हॅरिस सिंड्रोम असं भारदस्त नाव आहे, पण तो आजार नव्हे.

भाच्याला डेंग्यू पक्का असेल तर ३८ हजार खरेच असणार. पण आकड्यावर झोप घालवू नका.

रात्रपाळी

जांभळी_नळी यांना शंभर टक्के अनुमोदन. मी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात शिकलो, सध्या दुसरीकडे मेडिसिनच्या वॉर्डात आहे.

केवडाताई, ३८ हजार ऐकून मी घाबरणार नाही. मी विचारीन: पोटात जोराची कळ येते का, उलट्या थांबत नाहीत असं आहे का, मुलगा सुस्त किंवा चिडचिडा झालाय का, लघवी नीट होते का, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं का. आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा, किती आहे? डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट कमी झाल्या म्हणून नव्हे. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, उरलेलं रक्त दाट होतं आणि बीपी कोसळतं. हे होतं ते ताप उतरतानाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि धोक्याची वेळ २४ ते ४८ तासांची असते. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, ताप गेला, चला घरी. हिमॅटोक्रिट चढतंय आणि प्लेटलेट झपाट्याने उतरताहेत अशी जोडी दिसली की आम्ही सलाईनचा हिशेब घेऊन बसतो. प्लेटलेटच्या पिशवीचं नावही तेव्हा निघत नाही.

पिशवीचं म्हणाल तर सिंगापूर आणि मलेशियात ३७२ मोठ्या माणसांवर चाचणी झाली, २०१७ साली लॅन्सेटमध्ये आली. सगळ्यांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली, मोठा रक्तस्राव नाही. अर्ध्यांना प्लेटलेट चढवल्या, अर्ध्यांना नाही. रक्तस्रावात म्हणावा असा फरक पडला नाही, उलट चढवलेल्यांत ॲलर्जीसारखे त्रास जास्त. एका साध्या पिशवीने मोठ्या माणसाचा आकडा जेमतेम ५ ते १० हजारांनी वर जातो, आणि डेंग्यूत तेवढाही टिकत नाही. रक्त वाहत असेल किंवा आकडा १० हजारांच्या खाली गेला तर गोष्ट वेगळी. ते उपचार करणारा डॉक्टर ठरवील.

आणि तापाला पॅरासिटामॉल सोडून काही देऊ नका. आयब्युप्रोफेन नको, डायक्लोफिनॅक नको, "अंगदुखीचं एकच इंजेक्शन" तर नकोच नको.

कुळागर

डॉक्टर, मग पपई?

रात्रपाळी

मलेशियात २०१३ साली एक चाचणी झाली होती, रस दिलेल्यांचा आकडा थोडा लवकर चढला. पण त्याने शॉक टळतो किंवा जीव वाचतो असं कुणी दाखवलेलं नाही. पोराला त्या रसाने उलट्या होणार असतील तर देऊच नका. आधीच अंगातलं पाणी कमी, त्यात ही भर. पेज द्या, शहाळं द्या, ओआरएस द्या.

मांडवीकाठ

वाचतेय. दोन्ही मोठे प्रतिसाद जपून ठेवले.

केवडा

आभार डॉक्टर. हिमॅटोक्रिट ४१ आहे, कालही तेवढंच होतं. लघवी होतेय. पोटात दुखत नाही, फक्त मोबाइल काढून घेतला म्हणून रडतोय. डॉक्टरांनी ॲडमिट ठेवलंय, पण पिशवी नको म्हणाले. आता त्यांच्यावर संशय घेणं बंद करते.

पण दाहाचं कोण सांगणार?

पेशीपुराण (मडगाव, सध्या परमुलखात)

मी सांगतो, माझं पोटच त्यावर आहे. लांबेल, चहा घेऊन बसा.

प्लेटलेट म्हणजे पूर्ण पेशी नव्हेच. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अगडबंब पेशी असतात, त्यांचे तुटून निघालेले तुकडे म्हणजे प्लेटलेट. जेम्स होमर राइट या अमेरिकन डॉक्टरने १९०६ साली हे दाखवलं. त्याआधी, १८८२ च्या सुमारास इटलीत तुरीनला जुलिओ बिझोझेरोने जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिनीत बघितलं की जखम झाली की सगळ्यात आधी हे रंगहीन कण येऊन चिकटतात. तोवर बरेच लोक ह्यांना पेशींचा कचरा समजत. निरोगी माणसाच्या दर मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असतात, आठ-दहा दिवस जगतात, आणि तेवढ्या टिकवायला शरीर रोज शंभर अब्जांच्या आसपास नव्या बनवतं. २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात उंदरांच्या फुप्फुसात कॅमेरा लावून पाहिलं, तर सुमारे निम्म्या प्लेटलेट तिथे सुटताना दिसल्या. उंदरांत हं, माणसाचा हिशेब अजून मांडायचाय.

आता दाह. प्लेटलेटमध्ये केंद्रक नाही, पण निघताना आईपेशीकडून आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायची कृती, घेतलेला असतो. जखम किंवा जंतू दिसला की त्यावरून ती नवी प्रथिनं बनवते. त्यातलं एक म्हणजे इंटरल्युकिन-१ बीटा, दाह पेटवणारं. शिवाय तिच्या आत पुड्या भरलेल्या असतात. त्या फुटल्या की पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन पृष्ठभागावर येतं आणि पांढऱ्या पेशी तिला धरतात. मग न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी आपला डीएनएच बाहेर फेकते. त्या जाळ्यात जंतू अडकतात, हे २००४ साली जर्मनीत सापडलं. पण त्याच जाळ्यात तांबड्या पेशी आणि प्लेटलेटही अडकतात आणि गुठळी होते. म्हणजे रक्त गोठणं आणि जंतूंशी लढणं ही दोन खाती नाहीत, एकाच कचेरीत बसतात.

डेंग्यूचं उदाहरण घ्या. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की डेंग्यूच्या रुग्णाच्या प्लेटलेट स्वतःच हे इंटरल्युकिन-१ बीटा सोडतात, आणि त्याने रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या व्हायला मदत होते. आपण ज्यांना बिचाऱ्या मेल्या म्हणून रडतो, त्या मरायच्या आधी थोडी आग लावून जातात.

केवडाताई, सासूबाईंना सांगा की प्लेटलेट म्हणजे गावातला तो माणूस, जो भांडण सोडवायला सगळ्यांत आधी धावतो आणि जमाव जमवतो. कुंपण तुटलं असेल तर त्याच्यासारखा उपयोगी माणूस नाही. पण आतल्या आत कुजबुज चालू असताना त्याला बोलावलं तर दंगल ठरलेली.

फुरसतराव

असा माणूस आमच्या वाड्यावर आहे. त्याला ॲस्पिरिन कुठून द्यावं?

उर्राक_प्रेमी

वाड्यावर असे तिघं आहेत आणि तिघंही उर्राकच्या (काजूच्या दारूच्या) मोसमात जास्त चिकटतात.

शंकेखोर

पेशीपुराण, उत्तम. पण सरळ विचारतो. कोविडमध्ये गुठळ्या झाल्या त्या ह्याच प्रकाराने ना? आणि लसीमुळे झाल्या त्या? आमच्याकडे अजून कुणी जिममध्ये पडला की व्हॉट्सॲपवर कोव्हिशील्डचं नाव येतं.

पेशीपुराण

कोविडचं बरंचसं ह्याच प्रकाराने: वाहिनीच्या आतल्या अस्तराला सूज, पांढऱ्या पेशींची जाळी, चेकाळलेल्या प्लेटलेट. म्हणून तेव्हा डी-डायमर (गुठळीचा माग काढणारी टेस्ट) आणि हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) हे शब्द घरोघरी गेले. पण हेपारिनचा पूर्ण डोस सगळ्यांना लाभला नाही. २०२१ च्या चाचण्यांत वॉर्डातल्या रुग्णांना उपयोग दिसला, आयसीयूत पोचलेल्यांना नाही. वेळ टळल्यावर आग विझत नाही.

लसीचं वेगळं. २०२१ साली युरोपात ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर फार थोड्या लोकांत प्लेटलेटमधल्या पीएफ-४ ह्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या. गुठळ्या आणि प्लेटलेट कमी, दोन्ही एकदम. कोव्हिशील्ड तीच लस, म्हणून तो धोका खरा होता, दुर्मीळ होता, आणि तो दिसायचा लसीनंतरच्या काही आठवड्यांत. वर्षांनंतर जिममध्ये पडणाऱ्याचं कारण तिथे शोधू नका. त्याची शुगर, सिगारेट आणि घराण्याचा इतिहास विचारा.

कुळागर

विषय रक्त गोठण्याचाच आहे म्हणून अवांतर. भाटात (बागायतीत) काम करणाऱ्या एका गड्याला घोणस चावली होती. आरोग्य केंद्रात नेला. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढून काचेच्या छोट्या नळीत घातलं आणि घड्याळ लावून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, कुणी हात लावू नका. वीस मिनिटांनी नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं घळघळत पलीकडे. लगेच सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू. मला वाटलं होतं एवढं मोठं मशीन असेल. एक काचेची नळी! गडी वाचला, पाय बरेच दिवस सुजलेला होता.

जांभळी_नळी

ती चाचणी मला फार आवडते. नळी काचेचीच हवी, कोरडी, नवी. काचेच्या स्पर्शानेच गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकची घेतली तर धड माणसाचंही रक्त गोठणार नाही, साबणाने धुतलेली घेतली तरी घोटाळा.

घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटक, त्यातही पाचवा आणि दहावा, इतक्या जोरात चालू करतं की शरीरातला साठाच संपतो. मग गोठायला काही उरत नाही. गंमत म्हणजे हेच विष अगदी पातळ करून मोठ्या लॅबमध्ये एका टेस्टला वापरतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांत ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाच्या अँटिबॉडी शोधायला.

पेशीपुराण

आणि फुरसं! फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं छोटं प्रथिन असतं, ते प्लेटलेटना एकमेकींचा हात धरू देत नाही. त्याची रचना बघून टिरोफिबान हे औषध बनवलं, अमेरिकेत १९९८ साली मंजूर झालं, अँजिओप्लास्टीच्या वेळी शिरेतून देतात. ज्या फुरशाला रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोक थरथर कापतात, त्याचा नमुना हृदयरोग्याच्या शिरेत.

फुरसतराव

माझ्या नावात फुरस आहे, रॉयल्टी कुठे मागायची?

तारवटी

जहाजावरून लिहितोय, नेट येतंय तोवर. आमच्यातला एक जण लांबच्या विमानप्रवासानंतर पोटरी सुजून आला, डॉक्टर म्हणाला शिरेत गुठळी. त्याला ॲस्पिरिन न देता दुसरंच काही दिलं. का? आणि बांगडे-तारले खाल्ल्याने प्लेटलेट कमी चिकटतात हे खरं का? खरं असेल तर आम्हां गोंयकारांना हार्ट ॲटॅक यायलाच नको.

रात्रपाळी

पायाच्या शिरेत रक्त संथ वाहतं. तिथल्या गुठळीत फायब्रिनचा धागा आणि तांबड्या पेशी जास्त, म्हणून तिथे गोठण्याच्या घटकांवरची औषधं देतात, हेपारिन किंवा रिव्हारोक्सॅबानसारखी. हृदयाच्या धमनीत रक्त जोरात वाहतं, चरबीचा थर फुटतो, तिथे आधी प्लेटलेट धावतात. म्हणून तिथे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. रक्त संथ होणं, वाहिनीचं अस्तर दुखावणं आणि रक्तच जास्त गोठू लागणं, ही तीन कारणं आजही रुडॉल्फ फिरको या जर्मन डॉक्टरच्या नावाने शिकवतात. त्याचं लिखाण १८५६ चं.

माशांबद्दल: १९७० च्या दशकात डेन्मार्कच्या संशोधकांना ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांत दिसलं की त्यांच्या प्लेटलेट कमी चिकटतात आणि जखमेतून रक्त जास्त वेळ वाहतं. कारण माशांतलं ओमेगा-३. पण पुढे अमेरिकेत २५,८७१ लोकांना कॅप्सूल किंवा खोटी गोळी देऊन पाहिलं, २०१८ साली निकाल आला, हृदयविकार आणि पक्षाघात मिळून म्हणावे तसे कमी झाले नाहीत. बांगडा खा, चांगला आहे. रवा लावून तेलात बुडवलेला आणि वर सिगारेट असेल तर बिचारा बांगडा काय करणार?

तारवटी

रव्याबद्दल बोलायचं काम नाही, डॉक्टर.

नवी_झडप

माझी हृदयाची झडप बदललेली आहे, मी ॲसिट्रोमवर, रक्त गोठू न देणाऱ्या गोळीवर. मला तांबडी भाजी बंद करायला सांगितली होती एका शेजारणीने. गोव्यात राहून तांबडी भाजी बंद! आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) मात्र खाली-वर होतं हे खरं.

रात्रपाळी

बंद करू नका, दर आठवड्याला साधारण सारखीच खा. ॲसिट्रोम यकृतात व्हिटॅमिन के च्या वाटेत आडवं येतं, पालेभाजीत तेच व्हिटॅमिन. एकदम जास्त खाल्लीत तर आयएनआर पडतं, एकदम सोडलीत तर चढतं. तुमच्या गोळीचा प्लेटलेटशी काही संबंध नाही, ती केवडाताईंच्या सासऱ्यांची गोष्ट.

डिचोलीकर_आजोबा

नमस्कार. मी ७४ वर्षांचा. हृदयाचा काही त्रास नाही, बीपी थोडं आहे. माझे मित्र सगळे रोज ॲस्पिरिन घेतात म्हणून मीही घेतो. पोट जरा जळजळतं. तुम्ही मंडळी काय म्हणता?

शंकेखोर

आजोबा, मित्र घेतात म्हणून चष्मा लावता का त्यांचा?

रात्रपाळी

आजोबा, ह्या एका गोष्टीवर हात जोडून सांगतो, ह्याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि जळजळ सांगा.

ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं कॉक्स-१ हे एन्झाइम कायमचं बंद करतं. प्लेटलेटला केंद्रक नाही, ते एन्झाइम ती पुन्हा बनवू शकत नाही, त्यामुळे तिचं उरलेलं आयुष्य तसंच जातं. म्हणून ७५ मिलिग्रॅम दिवसाला पुरतं. हे कोडं सुटलं १९७१ मध्ये जॉन व्हेन यांच्या कामापासून, त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं. १९८८ मध्ये १७,१८७ हार्ट ॲटॅकच्या रुग्णांत नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून छातीत कळ आली की आजही आधी ॲस्पिरिन चावायला देतात. गोव्यात आता आरोग्य केंद्रात ईसीजी काढून तो हृदयरोगतज्ज्ञाला पाठवतात आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथल्या तिथे देतात, ती योजना चांगली चाललीय.

पण ज्यांना काही झालेलंच नाही अशा, बहुतेक ७० च्या वरच्या १९,११४ माणसांना ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत रोज ॲस्पिरिन देऊन पाहिलं. २०१८ चा निकाल: हृदयविकार कमी नाही, रक्तस्राव जास्त. तेच एन्झाइम जठराचं अस्तरही सांभाळतं, आजोबांची जळजळ तिथली.

डिचोलीकर_आजोबा

दाखवतो. मित्रांनाही हे वाचून दाखवतो, पण ते ऐकतील असं वाटत नाही.

मांडवीकाठ

दाहावर औषध नाही का मग? प्लेटलेट आवरण्यापेक्षा कुजबुजच थांबवली तर?

पेशीपुराण

नेमका प्रश्न. २०१७ साली पॉल रिडकर यांच्या गटाने १०,०६१ हार्ट ॲटॅक होऊन गेलेल्या आणि सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) चढा असलेल्या लोकांवर कॅनाकिनुमॅब वापरलं. ते इंटरल्युकिन-१ बीटालाच पकडतं. कोलेस्टेरॉल तसूभर हललं नाही, तरी मधल्या डोसला पुढचे झटके १५ टक्क्यांनी घटले. दाह आवरला तर हृदय वाचतं ह्याचा तो भक्कम पुरावा. पण जंतुसंसर्गाने मृत्यू थोडे वाढले, आणि किंमत विचारू नका. औषध हृदयासाठी बाजारात आलंच नाही.

मग जुनं, स्वस्त कोल्चिसिन पुढे आलं, गाऊट ह्या सांधेदुखीचं औषध. २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत फायदा, २०२३ साली अमेरिकेत ह्या कामासाठी मंजुरी. मी त्या गोटातला.

रात्रपाळी

मी नाही. २०२४ मध्ये हार्ट ॲटॅक आलेल्या ७,०६२ रुग्णांत कोल्चिसिनने काहीच फरक पडला नाही. एवढ्या मोठ्या चाचणीकडे डोळेझाक करून मी सगळ्यांना जुलाब लावणार नाही.

पेशीपुराण

ती चाचणी कोविडच्या काळात चालली, आणि त्यातले रुग्ण ताज्या झटक्याचे. जुन्या, स्थिर रुग्णांत चित्र वेगळं असू शकतं.

रात्रपाळी

असू शकतं. तोवर स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), बीपी, तंबाखू. हे तिन्ही सांभाळणारा रुग्ण मला आठवड्यात एखादाच भेटतो.

कुळागर

कोल्चिसिन म्हणजे कळलावीत असतं तेच ना? पावसात आमच्या कुंपणावर लाल-पिवळी फुलं येतात.

पेशीपुराण

तेच, आणि म्हणूनच सांगतो, कुणीही तिच्या कंदाला हात लावू नका. औषधाचा डोस अर्धा मिलिग्रॅम, कंदात किती आहे ते कुणाला माहीत? त्याने माणसं मेली आहेत. इथे पपईवाले बरेच आहेत, म्हणून आधीच बजावलं.

कुळागर

आम्ही पपईवाले, पण एवढे नव्हे.

रात्रपाळी

केवडाताईंचा शेवटचा प्रश्न राहिलाच. सासऱ्यांना ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं: स्टेंट केव्हा घातला, कुठल्या गोळ्या चालू आहेत, एक की दोन. स्टेंट नवा असेल तर गोळी अचानक बंद केल्याने स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती डेंग्यूपेक्षा लवकर मारते. जुना असेल, प्लेटलेट भराभर पडत असतील किंवा रक्त येत असेल, तर काही दिवस थांबवतात. घरात बसून दोन्हीपैकी काहीही ठरवू नका. स्टेंटचं कार्ड पाकिटात ठेवा. आमच्याकडे रात्री दोनला आलेल्या माणसाला तारीख आठवत नाही, मुलगा दुबईत, आणि आम्ही बसतो अंदाज बांधत.

आणि कुळागरबाब, तुमच्याकडे सत्तरीत २०१५ पासून माकडताप (रानातल्या गोचिडींमुळे होणारा, केएफडी) आहे, काजूच्या मोसमात. त्यातही प्लेटलेट पडतात. रानात जाऊन आलेल्याला ताप आला तर नुसती डेंग्यूची टेस्ट करून थांबू नका.

केवडा

कार्ड सापडलं, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये होतं. सासऱ्यांच्या पाकिटात घातलं. भाच्याचा आकडा आज ६१ हजार, उद्या सोडतील. सासूबाईंना भांडण सोडवणाऱ्या माणसाचं सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या सासऱ्यासारखा."

तारवटी

पुढच्या आठवड्यात घरी येतोय. म्हापशाच्या वहिनी, प्लेटलेट द्यायला यायचं म्हणतो. काल डोकं दुखलं म्हणून ॲस्पिरिनवाली गोळी घेतली. चालेल?

जांभळी_नळी

शेवटच्या गोळीनंतर निदान तीन दिवस जाऊ द्या, नाहीतर तुमच्या पिशवीतल्या सगळ्याच निजलेल्या निघतील. साधं रक्त द्यायचं असेल तर ही अडचण नाही. येताना पोटभर जेवून या, मशीनवर तासभर तरी बसावं लागतं. आणि शक्यतो शुक्रवारी या. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्याही हलवत ठेवाव्या लागतात, आणि शनिवार-रविवार दाते नसतात.

तारवटी

शुक्रवारी येतो. जेवणात बांगडा चालेल ना?

जांभळी_नळी

उकडलेला.